कूलर बंद करा, तर्री आला

“कूलर बंद करा गा, तर्री आला.”

हे म्हणतच मावशी आमच्या स्टुडिओत शिरायची. स्टुडिओ म्हणजे काय, धंतोलीत औषधाच्या दुकानावरच्या दोन खोल्या. भिंतींना जुन्या गाद्या ठोकलेल्या आणि खिडकीत एक कूलर. तो सुरू असला की खोलीत ट्रक उभा आहे असं वाटायचं, म्हणून रेकॉर्डिंगला तो बंद करावाच लागे. नागपुरात एप्रिलमध्ये कूलर बंद करणं म्हणजे काय, ते नागपूरकरांना सांगायला नको. बाकीच्यांनी एकदा येऊन बघावं. मावशी स्वतः बटण दाबायची, चप्पल दाराशी काढायची, माइकसमोर मांडी घालून बसायची, पदराने चेहरा पुसायची आणि पुढच्या क्षणाला ती कुत्रा झालेली असायची.

तर्रीला तर तुम्ही ओळखता. तोच हो, संध्याकाळच्या कार्टूनमधला. रंगाने पोह्यावरच्या तर्रीसारखा लाल, एक कान उभा, एक पडलेला. घरातले सगळे जोरजोरात भांडत असतात आणि हा मधोमध बसून म्हणतो, “झालं का तुमचं? मले भूक लागून राहिली.” त्या तर्रीचं तोंड मी काढायचो. मावशी जे बोलेल त्यावर त्याचे ओठ जुळवायचे, एकेक शब्द थांबवून, मागे घेऊन, परत ऐकून. तिचा आवाज मी जितका ऐकला असेल तितका तिच्या लेकीनेही ऐकला नसेल.

आणि ती सापडली कुठे माहितीये? डोळ्यांच्या दवाखान्यात. माझ्या बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं, धंतोलीतच. हॉलमध्ये ही गर्दी, वर्ध्याचे, काटोलचे, पार गडचिरोलीचे लोक, सगळ्यांच्या डोळ्यांत औषध टाकलेलं, कोणाला धड दिसत नाही. आणि वर स्पीकरमधून एक बाई बोलतेय. “सत्तावीस नंबर. सत्तावीस. अहो काटोलवाले बाबा, तुमीच ना सत्तावीस? काठी घ्या. पुढं पायरी हाये. हळू या, डॉक्टर कुठी पळून नाही चालले.” मग जरा थांबून, “अन तिसऱ्या रांगेतले भाऊ, तुमाले उपाशी राहाले सांगतलं होतं. पाहून राहिली मी. चिवड्याची पुडी ठेवा.”

अख्खा हॉल हसला. माझ्या अंगावर काटा. आम्ही तेव्हा महिनाभर कुत्र्याचा आवाज शोधत होतो. जो यायचा तो आवाज बारीक करायचा नाहीतर घोगरा करायचा. आणि इथे एक बाई काहीच न करता तर्री होती. मी खिडकीपाशी गेलो, म्हणालो, “मावशी, कार्टूनमध्ये काम कराल का?”

“कायचं?”

“कुत्र्याचं.”

तिने माइक हाताने झाकला. “बापू, मी कामठीची हाव. मागाच्या खटखटीत वाढली. कुत्र्याचं काय, बैलाचंही करतो. पन लेकीले काय सांगू, तुही आई कुत्रा झाली?”

कामठीत तिच्या घराच्या मागच्या गल्लीत यंत्रमाग दिवसभर चालायचे. तिथे आवाज पोचवायचा तर ओरडून भागत नाही, शब्द एकेक करून ठेवावा लागतो, असं ती म्हणायची. आणि इकडे बायाही ‘मी येतो, मी जातो’च म्हणतात, त्यामुळे तर्रीसाठी तिला काही बदलावंही लागलं नाही.

ड्युटी संपली की ती डबा घेऊन यायची. दादाशी तिचं रोज वाजायचं. दादा म्हणजे आमचा दिग्दर्शक. लेखकही तोच, चहा सांगायलाही तोच. एकदा त्याने लिहिलं होतं, ‘तर्री जोरजोरात भुंकतो.’ मावशीने हेडफोन काढून मांडीवर ठेवला.

“नाही भुंकत.”

“मावशी, कुत्रा आहे तो.”

“असन. ज्याचं कोनी आयकत नाही तो भुंकते. तर्रीचं आयकतेत ना घरचे?”

“कुठे ऐकतात? ते तर ओरडतच असतात.”

“मंग थांबन तो. आयकतीन कधी तरी.”

दादाने कपाळाला हात लावला, पण ती ओळ खोडली. म्हणून तुम्ही आठवून बघा, तर्री कधीच भुंकला नाही. चोर आले तेव्हासुद्धा तो म्हणाला होता, “या, बसा, पाणी घ्या. घरचे उठूनच राहिले.” ती ओळ मावशीची होती, दादाची नाही, हे मी आज सांगून टाकतो.

मग तिच्या गळ्याला गाठ आली. ती त्याला पेरू म्हणायची. “पेरू पिकून राहिला,” म्हणायची आणि माइकसमोर बसायची. शेवटी डॉक्टरांनी सांगितलं, काढावी लागेल, आवाजाची नस तिथूनच जाते, आवाज राहील की नाही सांगता येत नाही. आमचे भाग जवळजवळ झाले होते. जे लिहून तयार होतं ते आम्ही धडाधड रेकॉर्ड केलं. फक्त शेवटचा भाग लिहायचा बाकी होता. ती ऑपरेशनला गेली.

चॅनलवाल्यांचा मुंबईहून फोन आला, दुसरा आवाज बघा. दादाने बघितले. एक नाटकातला गडी आला, त्याने असं भुंकून दाखवलं की खाली पानठेल्यापाशी झोपलेला खरा कुत्रा उठून वर पाहायला लागला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी त्याच्या आवाजावर तर्रीचे ओठ बसवायला घेतले. बसतच नव्हते. म्हणजे बसत होते हो, पण तो तर्री नव्हता, दुसरंच कुणाचं तरी कुत्रं आमच्या घरात शिरलं होतं.

मी मावशीला भेटायला गेलो. गळ्याला पट्टी, हातात सलाईन. मला बघून हसली. काहीतरी बोलली, मला ऐकूच आलं नाही. मी कान तिच्या तोंडापाशी नेला.

“बापू,” नुसती हवा, आवाज नाहीच. “आता माह्यं कोन आयकन? भुंकावं लागते का मले?”

मी तिच्या चादरीची घडी नीट करत बसलो.

डॉक्टर म्हणाले, काही महिन्यांत थोडाफार परत येईल, पूर्वीसारखा नाही. पण शेवटचा भाग काही महिने थांबणार नव्हता. दादाने त्या नाटकवाल्याला तारीख देऊन टाकली.

आणि मग बाबांच्या दुसऱ्या डोळ्याची वेळ आली. बाबा, आई आणि मी हॉलमध्ये बसलो, तीच गर्दी, पोरं रडतायत, कोणी फोनवर ओरडतंय. स्पीकर खरखरला. आणि एक कुजबुज आली. “अकरा नंबर.” नुसती हवा, पण शब्द एकेक करून ठेवलेला. मी वळून पाहिलं. मावशी खिडकीत, गळ्याला रुमाल, माइक ओठांना टेकवलेला.

पुढे काय झालं ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. फोनवाला माणूस थांबला. एका बाईने पोराला पोटाशी घेतलं आणि “श्श” केलं. आधी पुढची रांग, मग मधली, मग दाराशी उभे असलेले, सगळे गप्प होत गेले, जसं कुणी हॉलभर चादर पसरतंय. ज्यांना दिसत नव्हतं त्यांनी कान वर केले. “हिंगणघाटच्या आजी,” कुजबुज म्हणाली, “पायरी हाये.” आणि आजीच्या आधी चार जण म्हणाले, “आजी, पायरी हाय म्हणते.”

बाबा माझ्या कानात म्हणाले, “आज काहून एवढी शांतता?”

मी बाबांना आत पोचवलं, आईला त्यांच्यापाशी बसवलं आणि पळत सुटलो. गल्लीतून, ॲम्ब्युलन्सच्या मधून, जिना दोन-दोन पायऱ्यांनी. दादाला म्हणालो, “तर्रीचा घसा बसलाय.”

“काय?”

“बर्फाचा गोळा खाल्ला त्याने. आवाज बसला. घरातले ओरडतायत आणि त्याचं कुणालाच ऐकू येत नाही. मग एकेक जण गप्प होतो. दादा, ते ऐकतात. शेवटच्या भागात ते ऐकतात त्याचं.”

दादाने नाटकवाल्याला फोन लावला आणि त्याची मनापासून माफी मागितली.

मावशी आली. कूलरचं बटण दाबलं, मांडी घालून बसली. आम्ही पंखा बंद केला, फ्रीजचा प्लग काढला, दादाने हातातलं घड्याळसुद्धा बाहेर ठेवलं. तिने एका दमात केलं सगळं. त्या भागात मला तर्रीचं तोंड फारसं काढावंच लागलं नाही. कुजबुजताना ओठ हलतात तरी किती. मी बाकीच्यांचे कान काढले.

आता मावशी इथे नाही. ड्युटी सोडली, बुटीबोरीला लेकीकडे राहते, नातू सांभाळते. स्टुडिओतही एसी आला, आवाज न करणारा. नवीन मालिकेत सशाचं काम सुरू आहे, त्याचा आवाज कोणी तरी पुण्याची मुलगी देते, छान देते.

पण तो शेवटचा भाग लागला तेव्हा मी कामठीला होतो, मावशीच्या घरी. मे महिना, संध्याकाळ, तरी भिंती तापलेल्या. पुढच्या खोलीत टीव्ही, आत बाया आणि पोरं, दारात पुरुष, खिडकीत कूलर भणाणतोय, मागच्या गल्लीत माग खटखटतायत. मावशी कोपऱ्यात, हात पदरात घेऊन. पडद्यावर सगळे भांडतायत, आणि मध्ये तर्री. त्याने तोंड उघडलं.

काहीच ऐकू आलं नाही.

“काय म्हणते गा तर्री?” दारातून कोणी तरी विचारलं. एका पोराने टीव्हीचा आवाज पूर्ण वाढवला, तरी नाही. मी मावशीकडे पाहिलं. ती टीव्हीकडे बघत नव्हती, लोकांकडे बघत होती.

मग शेजारची म्हातारी उठली, सावकाश, भिंतीला धरून, आणि तिने कूलर बंद केला.

खोली एकदम मोठी झाल्यासारखी वाटली. मग बाजूच्या घरातला कूलर थांबला. त्यांच्याकडेही तर्रीच लागला असणार. मग त्याच्या पलीकडचा. मग समोरच्या ओळीतला. आणि शेवटी मागच्या गल्लीतली खटखट, एक माग, मग दुसरा. मावशीने पदरातून एक हात काढला आणि गळ्याच्या रुमालावर ठेवला.

तर्री बोलत होता. सगळे घामाघूम झाले होते, आणि कोणी उठत नव्हतं.