हात सैल सोड, माय

दुखणं कुठं ठेवायचं असतं, हे आमच्या कासारीणबाईइतकं पांढुर्णा आणि सौंसर या दोन्ही तालुक्यांत कोणालाच कळलेलं नाही. डॉक्टर लोकांनाही नाही. ते बिचारे दुखणं कुठं आहे एवढंच विचारतात. ही विचारायची, तू कुठं आहेस. आता हा काय प्रश्न झाला, असं तुम्हाला वाटेल. मलाही पहिल्यांदा तसंच वाटलं होतं. तेव्हा मी नवी सून होते, माझा हात तिच्या हातात होता, अंगठ्याच्या बुडाच्या हाडावर दोन-सहाच्या मापाची हिरवी बांगडी अडून बसली होती आणि डोळ्यांत पाणी आलं होतं. ती माझ्या हाताकडे बघतच नव्हती, माझ्या तोंडाकडे बघत होती. म्हणाली, "हात सैल सोड, माय. तू इथं काऊन बसली? जा ना कुठं तरी." मी कुठं जाणार? मला आपली माहेरची संत्र्याची बाग आठवली, लोधीखेड्याच्या अलीकडची, आंबिया बहाराच्या दिवसांतली, फुलांनी सगळी पांढरी झालेली. तो वास आठवेपर्यंत चारही बांगड्या मनगटावर खणखणत होत्या आणि ही पुढच्या बाईचा हात दाबून बघत होती. तेव्हापासून मी तिला बाई म्हणते आणि ती मला माय म्हणते. वयानं ती माझ्याहून दोन वर्षांनी मोठी आहे, पण तिच्या लेखी ज्या बाईचा हात एकदा हातात आला ती माय.

तिचं दुकान म्हणजे जाम नदीच्या पुलाकडे जाणाऱ्या रस्त्यावरची एक लाकडी टपरी. राहायची पलीकडे, सावरगावात. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमचं पांढुर्णा आणि सावरगाव नदीच्या दोन काठांवरून एकमेकांना दगड मारतात, त्या गोटमारीच्या दिवशी ती कायद्यानं आमची शत्रू. त्या दिवशी टपरी बंद ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी डोक्याला पट्टी बांधून फिरणाऱ्या दोन्ही गावच्या पुरुषांना बघून म्हणायची की हे गोटा खाऊन हसतात, अन् घरी बोटात लाकडाची बारीक फास गेली तर चार घरं ऐकू जाईल एवढे ओरडतात. तिच्या सवयी सांगायला बसले तर दिवस जाईल. बाईनं दोन-आठची बांगडी मागितली की ही दोन-सहाची भरणार. ढिली बांगडी बाईला विसरते म्हणे. साबणाचं पाणी तिला मंजूर नव्हतं. ओल्या हातात काच फुटते, असं तिचं मत. ती पावडर वापरायची, गुलाबी डब्यातली, अत्तरासारखी वास मारणारी, आणि इतकी की टपरीतून बाहेर आलेली बाई मनगटापर्यंत पिठात बुडवून काढल्यासारखी दिसायची. आणि दुसऱ्याचं काम बघितलं की तिला राहवत नसे. एकदा सुई टोचायला आलेल्या नर्सला तिनं सगळ्यांसमोर शिकवलं की पोरी, तुझा हात चांगला आहे, पण तू टोचायच्या आधी टोचते म्हणून सांगते, तिथंच चुकते.

पण तिची खरी संपत्ती वेगळी होती. गावातल्या बायकांच्या जागा तिला पाठ होत्या. बांगडी भरताना कोण कुठं जाते, हे तिला ठाऊक. शाळेतल्या मास्तरीणबाई त्यांच्या वडिलांच्या सायकलच्या मागच्या कॅरिअरवर जायच्या, पाय लोंबकळत ठेवून. माझी जाऊ एका लग्नाच्या पंगतीत जायची, कोणाच्या ते तिनं कधी सांगितलं नाही. आमच्या शेजारच्या आजी, ज्यांचा आवाज त्यांच्या सुनेनंही वर्षातून दोनदाच ऐकला असेल, त्या तिगाव स्टेशनच्या बाकावर जायच्या. एकदा गाडी उशिरा होती आणि त्या दोन तास तिथं एकट्या बसल्या होत्या. दोन तास कोणी चहा मागितला नव्हता. एवढंच. ही तेवढ्यावर त्यांना पाठवायची. हात हातात घेऊन हळूच म्हणायची, "आली का गाडी?" आजी डोळे मिटून मान हलवायच्या, नाही, आणि बांगडी आत.

आता मुख्य गोष्ट सांगते. चार वर्षांपूर्वी माझ्या सुनेनं मला छातीच्या तपासणीला नागपूरला नेलं. मला काही होत नव्हतं. पण या वयात न दुखताही बघून घ्यावं लागतं, असं तिचं म्हणणं, आणि ते बरोबरच होतं. तिथं एक मशीन होतं. तुम्ही केली असेल तपासणी तर तुम्हाला माहीत आहे. नसेल केली तर असं समजा की एका थंड पोळपाटावर गोळा ठेवायचा आणि वरून दुसरा पोळपाट दाबत आणायचा, आणि गोळा म्हणजे तुम्ही स्वतः. चार श्वासांचं काम. पण मी दुसऱ्या श्वासालाच ओरडून मागे सरले. फोटो हलला. मशीनवाली मुलगी पुन्हा करू म्हणाली, तशी मी पदर घेतला तो सरळ बाहेर. दुसरी बाजू राहूनच गेली. परतीच्या गाडीत सून काटोलपर्यंत माझ्याशी बोलली नाही.

कासारीणबाईला हे कळलं तेव्हा तिला अपमान झाल्यासारखं वाटलं. मशीनचा नाही, स्वतःचा. माझ्या हातून चाळीस वर्षं बांगड्या भरल्या आणि एका लोखंडाला भिऊन पळाली, असं ती आल्यागेल्या प्रत्येकीला सांगत सुटली. मग मला बसवून तिनं खोदून खोदून विचारलं. पाट्या किती रुंद, दाब एकदम येते का हळूहळू, खांदा कुठं ठेवायला सांगितला. सगळं ऐकून म्हणाली की तू खांदा आवळला, श्वास धरला अन् दाब यायच्या आधीच त्याच्याशी भांडाले लागली. आवळल्या अंगाला दुप्पट दुखते. मशीन तिनं जन्मात बघितलं नव्हतं. पण नागपूरच्या मुलीनंही मला हेच सांगितलं होतं, फक्त मी ऐकलं नव्हतं.

तिला हा विषय एवढा का लागला होता, ते सगळ्यांना माहीत होतं. तिची थोरली बहीण सौंसरला बांगड्यांचंच दुकान चालवायची. तिनं छातीतली गाठ पदराखाली वर्षभर लपवली. दाखवली तेव्हा दाखवून उपयोग नव्हता. तेव्हापासून आमची ही प्रत्येक बाईचा हात हातात आला की बांगडीच्या आधी विचारायची, तपासणी केली का. पण तिनं स्वतः? नाही. दरवेळी काही तरी निघायचं. दुकान कोण पाहील, नातीचा ताप, नवीन माल यायचा आहे. सख्खी बहीण अशी गेलेली, म्हणजे हिनं तर सगळ्यांच्या आधी जायला हवं होतं. मी तिच्याशी भांडले, अबोला धरला, एकदा तर दोन महिने दुसऱ्याकडून बांगड्या भरल्या. काही उपयोग झाला नाही. बहिणीच्या वाटेनं हीसुद्धा जाईल आणि आपण बघत राहू, ही भीती माझ्या मनात बसली ती बसलीच.

दोन वर्षांपूर्वी माघात सौंसरच्या दवाखान्याच्या आवारात मशीनची गाडी आली. बसएवढी पांढरी गाडी, आत मशीन, बाहेर लोखंडी पायऱ्या. ही दुकान बंद करून आम्हा पाच जणींना घेऊन निघाली. मी, जाऊ, मास्तरीणबाई, शेजारच्या आजी आणि आजींची सून. बसमध्ये सगळ्यांना एकच धडा. खांदा पाडायचा, तोंड उघडं ठेवायचं, श्वास सोडायचा आणि निघून जायचं. सौंसरला पोचल्यावर तिनं व्हरांड्याच्या कोपऱ्यात साडीचा आडोसा धरायला लावला आणि पिशवीतून गुलाबी डबा काढला. घामेजलं कातडं पाटीला चिकटते, चिकटलं की दुखते, असं म्हणून तिनं एकेकीला अशी पावडर चोपडली की दोन पोळपाटांच्या मध्ये आम्ही जणू लाटून घ्यायलाच चाललो होतो. आम्हाला हातात एक कागद दिला होता, काय करावं, काय करू नये याचा. मास्तरीणबाईंचा चष्मा घरी राहिला होता. बाकी कोणी वाचायच्या फंदात पडलं नाही.

गाडीत तिला येऊ देत नव्हते. तपासणीच्या वेळी दार बंद. मग ती पायऱ्यांच्या बाजूला गाडीच्या पत्र्याला लागून उभी राहिली आणि आतून मशीनचा आवाज आला की हातातल्या बांगड्या पत्र्यावर वाजवायची. खण, खण. मी आत उभी होते, गाल थंड लोखंडाला टेकवून. गाडीतल्या मशीनवाल्या मुलीनं सांगितलं, "कंधा ढीला छोड़ो, माताजी." बाहेरून खणखण आली. मी खांदा पाडला आणि गेले. बागेच्या फाटकाशी उतरले, चपला हातात घेतल्या, मऊ मातीत पाय टाकला. फुलांचा वास असा की अंगावर ओल्या साडीसारखा बसतो. मधमाश्यांचा एकसारखा आवाज. दुखत होतं, खोटं कशाला सांगू, चांगलंच दुखत होतं. पण ते दुखणं बागेच्या दुसऱ्या टोकाहून कोणी तरी मला हाक मारावी तसं होतं, आणि मी म्हणत होते, येते थांब, झाडांची एवढी ओळ बघून येते. तेवढ्यात पाटी वर गेली.

आम्ही पाच जणी मोठ्या दिमाखात बाहेर बाकावर बसलो. ही तर सुईण असल्यासारखी मिरवत होती. अर्ध्या तासानं मशीनवाली मुलगी दारात आली. तिचा चेहरा उतरला होता. तिनं विचारलं, "पांढुर्णा की सब माताजी को एक ही जगह सफेद दाने कैसे?" मग तिनं जवळ येऊन वास घेतला, आजींच्या गळ्याकडे बोट नेलं, बोटावरचं गुलाबी पीठ बघितलं आणि कपाळाला हात लावला. पावडरचे कण फोटोत पांढरे ठिपके होऊन दिसतात. गाठीच्या आधीचे ठिपकेही तसेच दिसतात. म्हणून त्या कागदावर पहिलीच ओळ होती, पावडर लावून येऊ नये. पाचही जणींनी ओल्या फडक्यानं पुसायचं आणि पाचही जणींनी पुन्हा आत जायचं.

दुसऱ्यांदा बाहेर आलो तेव्हा आमच्या तोंडावर जे होतं ते बघून कासारीणबाई मागं मागं सरकत आवाराच्या फाटकापर्यंत गेली होती. बसची वेळ झाली म्हणत होती. तेव्हा शेजारच्या आजी बाकावरून उठल्या. वर्षातून दोनदा बोलायचं त्यांचं अजून शिल्लक होतं बहुतेक. म्हणाल्या, "आता हिची पाळी." बस्स. त्यावर अपील नव्हतं. आम्ही चौघींनी तिला दोन्ही दंडांना धरून पायरीपर्यंत आणलं आणि तिथं ती माझा हात घट्ट धरून थांबली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिचा हात आवळलेला होता.

हळूच म्हणाली, "मी मशीनले नाही भेत, माय. पण मले कोण पाठवीन?"

मी म्हटलं, जा ना तुझ्या जागी.

"मले जागाच नाही. तेरा वर्षांची होती तेव्हापासून टपरीत बसून राहिली. तुमचेच हात धरले. मी कुठं गेलीच नाही कधी."

इतकी वर्षं आम्ही सगळ्या तिच्या हातातून निघून जात होतो, आणि ही तिथंच बसलेली. मी तिला म्हटलं, तू आत हो, मी पाठवते. ती गेली. दार लागलं. मी पत्र्याला लागून उभी राहिले. तिनेच भरलेल्या, एक नंबर लहान असलेल्या बांगड्या पत्र्यावर वाजवल्या, आणि मला जी एकच वाट पाठ होती तीच मोठ्यानं सांगायला लागले. लोधीखेड्याच्या अलीकडे उतर बाई. डाव्या हाताला पायवाट. फाटकाची कडी वर उचलून मग ओढायची. चपला काढ. मुलगी आतून काय म्हणाली मला ऐकू आलं नाही. आवारातले लोक माझ्याकडे बघत होते. मी चारही फोटो होईपर्यंत तिला ओळीओळीनं बागेतून फिरवत राहिले.

ती बाहेर आली तेव्हा डोळे ओले होते, पण चाल सैल होती. बसमध्ये माझ्या शेजारी बसली. सौंसर मागं पडल्यावर म्हणाली, "माय, तुझ्या बागेतलं मी एक संत्रं तोडलं. चालते ना?"

मी म्हटलं, बहारात सगळी फुलं असतात, संत्रं कुठून आणलंस?

"मी मागच्या ओळीत गेली होती. विहिरीपाशी. तिथं एका झाडाले मागच्या मृग बहाराची फळं राहिली होती." मग खिडकीबाहेर बघत म्हणाली, "गोड होतं."

मी तिला सांगितलं नाही. ती बाग आता नाही. भावांनी वाटण्या केल्या, झाडं वाळली, तोडली, तिथं आता गोदाम आहे. लहानपणी मला विहिरीकडे जायची बंदी होती, म्हणून मी मनातसुद्धा कधी मागच्या ओळीत गेले नव्हते. ती पहिल्याच खेपेला गेली.

महिनाभरानं सहाही जणींचे निकाल आले. सगळ्यांचे बरे. तिचाही. तिनं तो कागद टपरीत बांगड्यांच्या खोक्यामागं चिकटवला आणि येणाऱ्या प्रत्येक बाईला दाखवला. पुढच्या वर्षी तिच्या बोटांतला जोर गेला, आणि तिच्या लेकीनं तिला इंदूरला नेलं. टपरीत आता मोबाईलची कव्हरं मिळतात. कधीमधी फोन येतो. तिकडं बायका धातूच्या बांगड्या घालतात म्हणे, आपल्या आपण, कोणी हात धरत नाही.

यंदा माघात गाडी पुन्हा आली. मी पावडर न लावता गेले. मुलगी नवी होती, पाटी तितकीच थंड. बाहेर पत्र्याजवळ कोणी नव्हतं, म्हणून मी माझ्याच बांगड्या हळूच एकमेकींवर वाजवल्या आणि खांदा पाडला. फाटकाची कडी उचलली. या वेळी फुलांच्या ओळींतून सरळ चालत गेले, विहिरीपर्यंत. तिथं ते झाड होतं, मृगाच्या फळांनी वाकलेलं. खालच्या एका फांदीला, हाताला येईल अशा उंचीवर, एक रिकामा देठ होता.