समासातली मुलगी

बाबांची बदली जबलपूरच्या फॅक्टरीत झाली तेव्हा मी सातवीत होते. तिथल्या महाराजपूर भागात घर मिळालं आणि निम्मं वर्ष सरल्यावर मी एका हिंदी शाळेत जाऊन बसले. पहिल्याच आठवड्यात बाईंनी वर्गात काहीतरी विचारलं आणि माझ्या तोंडून आमच्या गावाकडचं "काहून?", म्हणजे 'का?', निघून गेलं. सगळा वर्ग हसला. त्या दिवसापासून तेच माझं नाव पडलं, आणि मी बोलणंच सोडलं. मधल्या सुट्टीत मैदानाच्या कोपऱ्यात, नळाजवळ बसून डबा खायचा आणि घंटेची वाट बघायची. "काहून गप्प बसून राहिली तू?" असं आईनं घरी विचारलं की मी अभ्यासाचं निमित्त सांगायची.

लायब्ररीच्या तासाला मी कपाटाच्या खालच्या फळीपाशी बसायची. तिथं पाच-सहा मराठी पुस्तकं धूळ खात पडली होती, कधीतरी कुणा मराठी कुटुंबानं दिलेली. एकाची सुरुवातीची पानं गेली होती, त्यामुळे त्याचं नाव मला कधीच कळलं नाही. रेल्वे फाटकाजवळ राहणाऱ्या, कुणाशी न बोलणाऱ्या मुलीची गोष्ट होती. एका पानावर ती फाटकाशी एकटी बसून भाकरी खाते. ते वाचताना पुस्तक खिडकीकडे कललं आणि समासात पुसलेली अक्षरं दिसली. पेन्सिल गेली होती, पण दाबून लिहिल्यामुळे कागदावर वळ उरले होते. "मी पण. नळाजवळ."

मी मागे वळून बघितलं. मुली आपापल्या गप्पांत होत्या.

पुढे पानोपानी ती भेटत गेली. "माझ्यावर पण हसतात." "आईला सांगितलं नाही." मला जे कुणाला सांगता येत नव्हतं, ते माझ्याआधी कुणीतरी लिहून ठेवलं होतं. शेवटच्या पानावर प्रश्न होता, "हे वाचणारं कोणी आहे का?" मी त्याखाली पेन्सिलीनं लिहिलं, "मी आहे."

मग दर आठवड्याला मी ते पान उघडून बघायची. उत्तर येत नव्हतं. तरी नळाजवळ बसताना मी थोडी सरकून, एका माणसापुरती जागा सोडून बसायला लागले.

एक दिवस लायब्ररीच्या मॅडमनी ते पुस्तक माझ्या हातातून घेतलं आणि नेमकं शेवटचं पान उघडलं. आता रागावतील म्हणून मी मान खाली घातली. मग त्यांनी मला समोरच्या खुर्चीवर बसवलं आणि हलक्या आवाजात सांगितलं. तीन वर्षांपूर्वी एक मराठी मुलगी याच फळीपाशी बसायची. पुस्तकात लिहिलेलं बघून मॅडम चिडल्या होत्या. सगळं खोडून काढेपर्यंत त्या तिच्या शेजारी उभ्या राहिल्या. ती रडली नाही, मान वाकवून खोडत राहिली. त्यानंतर ती लायब्ररीत फिरकली नाही. त्याच हिवाळ्यात ती आजारी पडली आणि त्यातच गेली.

"रबर मैंने ही दिया था उसके हाथ में," मॅडम म्हणाल्या. "पढ़ तो लिया था मैंने, बेटा. समझ में भी आया था."

मी विचारलं, ती दिसायला कशी होती. त्यांनी खूप आठवून बघितलं. वाकलेली मान आणि केसांतला भांग, एवढंच त्यांना आठवत होतं.

दुसऱ्या दिवसापासून मधल्या सुट्टीत मॅडम मला लायब्ररीत बोलवायला लागल्या. मी मराठी वाचायची, त्या अर्थ विचारायच्या. पुढे वर्गातली एक मुलगीही ऐकायला येऊन बसू लागली. तिच्या घरी आजी मराठी बोलायची, हिला ते समजायचं पण बोलता यायचं नाही. आमची मैत्री झाली, वर्गातलं हसणंही हळूहळू थांबलं. पण हे सगळं माझ्याआधी दुसऱ्या कुणाला मिळायला हवं होतं, हे मला मोठ्यानं वाचताना सारखं जाणवायचं. कधी कधी वाचता वाचता माझा आवाज मलाच परका वाटायचा.

बऱ्याच वर्षांनी, गेल्या वर्षी एका रविवारी सकाळी नदीकाठी तिलवाऱ्याच्या घाटावर मॅडम दिसल्या. सून त्यांचा हात धरून उभी होती. मी वाकून नमस्कार केला. सुनेनं मला हळूच सांगितलं की अम्माजींना आता माणसं ओळखू येत नाहीत. मी ओळख सांगायला लागले, मराठी मुलगी, सातवीतली, लायब्ररीत बसायची ती. मॅडमनी माझा हात दोन्ही हातांत घट्ट धरला.

"तू ठीक हो गई?" त्यांनी विचारलं. "सब कह रहे थे, तू नहीं रही."

सून ओशाळून काहीतरी सांगू लागली. मी तिला थांबवलं.

"हाँ मैडम," मी म्हटलं, "ठीक हो गई."