बाबांच्या कानाची मशीन

परतवाड्याच्या बसस्टँडमागे बाबांचं दुरुस्तीचं दुकान होतं. फवारणीचे पंप, पंखे, मिक्सर, सगळं यायचं. कापसानं लागोपाठ दगा दिला त्या वर्षांत नवा पंप कोणी घेत नसे. जुनाच सुतळीनं बांधून बाबांकडे आणत. बाबा तो कानाशी धरून बिघाड ओळखत.

त्यांना कमी ऐकू यायचं. खिशात डबी आणि तिथून कानापर्यंत वायर, अशी त्यांची जुनी मशीन होती. बंद पडली की स्वतःच कथलाचा डाग देऊन चालू करत. मला अकोल्याला नोकरी लागली आणि त्या वायरची लाज वाटायला लागली. अमरावतीच्या एका दुकानातून मी कानामागे लपणारी नवी मशीन घेतली. जुनी दुकानदारानं बदल्यात ठेवून घेतली. डबी देताना बाबा घुटमळले.

पुढच्या पावसाळ्यात नवी मशीन मुकी झाली. बाबांनी बारीक पेचकस काढला.

"पाहू दे मले. ओल गेली असन."

मी ती हातातून ओढूनच घेतली आणि ओरडले, "खोलू नका बाबा! सील तुटलं त कंपनी हात नाई लावनार!"

"जिंदगीभर लोकाईच्या मशीनी खोलल्या," ते म्हणाले, "अन् माही मलेच खोलता येत नाई?"

दोन महिन्यांनी मशीन कंपनीकडून परत आली. सोबत चिठ्ठी: दुरुस्त होत नाही, नवी घ्या. मी मशीन त्यांच्यापुढे ठेवली आणि खुणेनं म्हटलं, आता खोला. त्यांनी खोलली. आतलं सगळं काळ्या रबरासारख्या थरात बुजवलेलं होतं. पेचकस जायला जागाच नव्हती.

"हे दुरुस्त कराले बनवलंच नाई," एवढंच म्हणाले.

नवी घेऊ म्हटलं की नकारार्थी मान हलवत. आता ते पंपावर हात ठेवून त्याची थरथर पाहायचे. गिऱ्हाइकं ओरडून ओरडून कंटाळली. दिवाळीनंतर दुकान उघडलंच नाही. घरातही ते भिंतीकडे तोंड करून बसत.

उन्हाळ्यात छातीत दुखलं म्हणून त्यांना अमरावतीच्या दवाखान्यात ठेवलं. शेवटच्या दुपारी मी त्यांच्या कानाशी वाकले. माझं चुकलं, असं सांगायचं होतं. हळू म्हटलं.

"काय म्हनतं?" त्यांनी विचारलं.

वॉर्डात दोन्हीकडे खाटा होत्या, माणसं आमच्याकडेच पाहत होती. मला ते ओरडून सांगता आलं नाही.

"पानी पाह्यजे का?" मी मोठ्यानं विचारलं.

ते त्यांना समजलं. त्यांनी नको म्हणून मान हलवली.