रंगूबाईंचा खुबा आणि दोन वेळची धार

वडगाव निंबाळकरात बातमी फुटली, की रंगूबाई ऑपरेशनच्या टेबलावरून उठून पळाल्या. डेअरीच्या रांगेत ती एवढी फुगली, की पळताना सलाइनची बाटली त्यांच्या हातात होती हेही दोघांनी स्वतः पाहिलं. खरं एवढंच, की टेबल नव्हतं, खुर्ची होती. आणि पळायला पाय कुठं होता? डाव्या खुब्याची वाटी पार झिजलेली. गोठ्यातून उंबऱ्यापर्यंत यायला त्यांना चहा उकळून आटेल एवढा वेळ लागायचा. त्या उठल्या होत्या शहरातल्या एका मोठ्या पाटीच्या डॉक्टरसमोरून. तो म्हणाला होता, "आजी, काही होत नाही. निर्धास्त राहा."

बाहेर येताच पोरगा युवराज कावला. "आई, ह्यात काय वाईट बोलला त्यो?"

"गायीला एकबी खोड न्हाय म्हणून इकणारा सांगतो, तिचं दावं मी हातात धरत न्हाय."

मग युवराजनं तिथंच सांगून टाकलं. त्याला कारखान्याची पाळी, बायकोला शाळा. "दिवाळीपातूर तू गोठ्यात चालत आलीस तर ठीक. न्हायतर पाची गायी इकायच्या. मला एकट्याला उरकंना."

रंगूबाईंनी दिवाळीपर्यंतचे महिने बोटांवर मोजले. नवऱ्यामागं एका कालवडीच्या पाच गायी त्यांनी केल्या होत्या.

गाय घेताना रंगूबाईंची रीत ठरलेली. न सांगता धारेच्या वेळी जायचं, सकाळ-संध्याकाळ दोन्ही धारा डोळ्यांनी बघायच्या, आणि त्या मालकाकडनं आधी गाय नेलेल्याच्या गोठ्यात डोकावायचं. डॉक्टरही तसाच बघायचा ठरला. युवराजनं कपाळाला हात लावला, पण गाडी काढली.

बारामतीतल्या वृषाली डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात त्या दोन दिवस डबा घेऊन बाकावर बसल्या. नंबर लावला नाही. नजर फक्त ऑपरेशन होऊन पुन्हा दाखवायला आलेल्यांच्या पायांवर. सणसरचे गेणबातात्या आले, वर्षापूर्वी खुबा बदललेले.

"तात्या, जरा चालून दावा की."

तात्यांनी भरल्या दवाखान्यात दोन फेऱ्या मारल्या.

"आता वळून या."

तेही आले. दात मोजायचे तेवढे राहिले.

तिसऱ्या दिवशी रंगूबाई आत गेल्या. डॉक्टरीणबाई हसल्या. "झाली माझी तपासणी?"

"निम्मी. आता खोडी सांगा."

बाईंनी सांगितल्या. जखमेत जंतू शिरले तर सांधा पुन्हा उघडावा लागतो. पायात रक्ताची गुठळी होते, ती छातीत गेली तर जिवावर बेततं. खुबा निखळू शकतो, पाय जरा आखूड-लांब होतो. "क्वचित होतं, पण होतं. आणि उकिडवं बसणं कायमचं बंद."

"तुमच्या हातनं कितींचं बिघडलं?"

"चारशेंत सहा जणांचा पुन्हा उघडला. एक आजोबा वाचले नाहीत."

युवराजचा चेहरा पांढरा पडला. रंगूबाईंचा खुलला; हसताना कडेचा किडका दात दिसला. "कवा येऊ?"

"आधी तो किडका दात काढून या. त्यातला जंतू रक्तातून खुब्यात उतरायचा."

खुब्यासाठी दात काढणारी गावातली ही पहिलीच बाई. त्यावर डेअरीत आठवडाभर चर्चा रंगली.

ऑपरेशनच्या सकाळी मात्र त्या हलक्या आवाजात युवराजला म्हणाल्या, "न्हाय उठले, तर कपिली गायीला एकटीला परक्या दावणीला देऊ नगं. तिच्या पाडीसंगं दे."

उठल्या. दुसऱ्याच दिवशी वॉकर धरून उभ्या राहिल्या. मग महिनाभर अंगणात खडखड चाललेली. आळीतल्या पोरांना गजराची गरज उरली नाही. धारेचं यंत्र आलं, त्याच्याशेजारी बसायला उंच खुर्ची आली.

वसुबारसेच्या आदल्या दिवशी डाळजचा व्यापारी गोठ्यात येऊन कपिलीची कास चाचपू लागला. म्हातारी अजून अंथरुणावर आहे, असं त्याला कुणीतरी सांगितलं होतं. (कुणी, ते युवराजला विचारू नका.) युवराज मान खाली घालून उभा. तेवढ्यात घरातून रंगूबाई आल्या. आधार नाही, लंगडणं नाही, वॉकर मिटवून काखेत मारलेला.

व्यापारी चपापला. "आक्का, इकायचं हाय म्हणून सांगावा हुता."

रंगूबाईंनी वॉकर त्याच्यापुढं ठेवला. "हाय की. इकायचं ते ह्ये. बोला, काय देताय?"