परीक्षा होईपर्यंत

माझ्या वडिलांना कोर्ट म्हटलं की घाम फुटायचा. त्यामुळे माझी सोडचिठ्ठी झाली ती मलकपेठेत, सासरच्या नात्यातल्या एका वडीलधाऱ्यांच्या हॉलमध्ये, रविवारी सकाळी, उपमा आणि चहा झाल्यावर. इथल्या आम्हा मराठी लोकांतली भांडणं मिटवायला सगळे त्यांनाच बोलावत. तसे ते माणूस म्हणून वाईट नव्हते. हे मी आजही म्हणते आणि म्हणताना मला माझाच राग येतो.

मुलगी सहा वर्षांची होती, पहिलीत. तिची शाळा सासरच्या घराला लागून, आणि वार्षिक परीक्षा दीड महिन्यावर आलेली. मी नल्लकुंट्याला वडिलांकडे जाणार होते. एवढ्यासाठी पोरीची शाळा कशाला मोडायची, परीक्षा होईपर्यंत ती बापाकडे राहू दे, मग आईकडे जाईल, असं ठरलं. नवऱ्याने मान हलवली. सगळ्यांनीच हलवली.

मग बॉन्ड पेपरवर मराठीत मजकूर लिहिला गेला. मुलगी वडिलांकडे राहील, त्यास माझी काही हरकत नाही, मी पोटगी मागणार नाही, वगैरे. मी वाचून म्हटलं, "परीक्षा होईपर्यंत, असं लिहा ना."

वडीलधारे हसले. "बाई, आपल्याच लोकांत बसून बोललो ना? हौ म्हटलं की झालं. सगळंच लिहून घ्यायचं म्हणजे मग इश्वास काय राहिला?"

वडिलांनी माझ्या दंडाला हात लावला. "कर बाई सही," ते हळूच म्हणाले. त्यांना तिथून एकदाचं उठायचं होतं.

मी एका लॅबमध्ये टेक्निशियन आहे. रक्ताच्या नळीवर नाव नीट नसेल तर मी डॉक्टरलासुद्धा परत पाठवते, आणि त्याबद्दल माझ्या पाठीमागे लोक मला काय म्हणतात ते मला माहीत आहे. त्या दिवशी मात्र मी सही केली.

परीक्षा झाली. सुट्टीत पोरगी आत्याकडे गेली. सुट्टी संपली तेव्हा दुसरीची ॲडमिशन त्याच शाळेत होऊन गेली होती. नवरा म्हणाला, आता वर्ष मध्येच कसं मोडायचं? वडीलधारे म्हणाले, जरा थांब, मी बोलतो. मी थांबले. पुढे त्यांनी माझा फोन उचलणं सोडलं. मुलगी सासरच्या फाटकाशी पाच-दहा मिनिटं भेटायची, तीही सासरच्यांच्या मर्जीने. या थांबण्यात माझं सव्वा वर्ष गेलं, आणि मूर्खासारखी मी त्याला समजूतदारपणा म्हणत होते.

शेवटी मी बरकतपुऱ्यातल्या एका वकीलबाईंकडे गेले. त्या तेलुगू, मराठी त्यांना वाचता येईना. मी कागद वाचून दाखवला. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"अम्मा, ऐसे कागज से तलाक नई होता. कानून में आप अभी भी उनकी बीवीच हैं."

मला क्षणभर बरंच वाटलं. मग तर पोरीचं लिहिलेलंही खोटंच ठरलं, मी म्हटलं.

तसं नव्हतं. पोर पाच वर्षांच्या आतलं असेल तर कोर्ट सहसा आईकडे देतं, त्या म्हणाल्या. त्यानंतर जज बघतात ते मुलाचं भलं कशात आहे, ते कुठे रुळलंय. आणि इथे तर आईनेच राजीखुशीने ठेवल्याचं लिहून दिलेलं. म्हणजे नवऱ्यापासून सोडवायला तो कागद निरुपयोगी होता, आणि पोरीपासून तोडायला पुरेसा होता. पोटगीचं मी विचारलंच नाही. मला मुलगी हवी होती, दुसरं काहीच नको होतं.

केस दोन वर्षं चालली. कागदाचं इंग्रजी भाषांतर करून द्यावं लागलं. जे कागदावर नव्हतं ते भाषांतरात कुठून येणार? वडीलधारे साक्षीला आले आणि म्हणाले, एवढं नेमकं आता आठवत नाही. माझे वडील बाकावर शेजारीच बसले होते. ते खाली बघत राहिले.

जजसाहेबांनी मुलीला चेंबरमध्ये बोलावून एकटीशी बोलून घेतलं. निकाल आला: मुलगी तिच्या वडिलांकडेच रुळली आहे, तिथेच राहील. मला एका आड एक शनिवार, दोन तास, कोर्टातल्या मुलांच्या खोलीत. वकीलबाई म्हणाल्या, हायकोर्टात अपील करू. मी लगेच हो म्हटलं. हरायची सवय अजून झाली नव्हती.

त्यानंतरच्या शनिवारी आम्ही त्या खोलीत खाली सतरंजीवर बसलो होतो. ती चित्र रंगवत होती. मी सांगितलं, आपण मोठ्या कोर्टाला अजून एकदा विचारणार आहोत.

"कशाला? तूच तर सही केली होती ना, मम्मी."

"तुला कुणी सांगितलं?"

"कुणीच नै. डॅडींच्या फाइलीत होता तो कागद. मी वाचला."

त्या घरात मराठी बोलतात सगळे, पण धड वाचता कुणालाच येत नाही. इथल्या बाकीच्या मराठी पोरांसारखी हिची गत होऊ नये म्हणून चार वर्षांची असल्यापासून रोज संध्याकाळी तिला मांडीवर घेऊन मी बाराखडी गिरवून घेतली होती. जोडाक्षरं आली तेव्हा मी घरभर पेढे वाटले होते.

"अगं, ते फक्त परीक्षा होईपर्यंतच होतं," मी म्हटलं. "सगळ्यांसमोर तसंच ठरलं होतं."

तिने खडू बाजूला ठेवला आणि माझ्याकडे नीट बघितलं. रागावलेली नव्हती ती. मोठी माणसं खोटं बोलतात हे ठाऊक झालेलं मूल जसं बघतं, तशी बघत होती.

"तसं नै लिहिलेलं त्यात," ती म्हणाली. "जजसाहेबांनी मराठी वाचता येतं का विचारलं, तेव्हा त्यांनापण मीच तो वाचून दाखवला."