शिव्या द्या, पण बसून

सिल्वासातल्या टोकरखाड्याच्या निवृत्त शिक्षिका सुमनबाईंनी जवळच्याच अथाल गावच्या हवाई सुंदरी रोहिणीला पहिल्यांदा पाहिलं ते दिल्लीच्या विमानात, एक प्रवासी तिच्या अंगावर खेकसत असताना. विमान तासभर धावपट्टीपाशी अडकलेलं आणि तो बसायला तयार नाही. तो बसला नाही, तर विमान माघारी न्यायचं ठरलं होतं. रोहिणीची नोकरी अजून कच्ची होती. एक तक्रार गेली की संपलंच.

"काका, बसून घ्या ना," ती म्हणाली. सिल्वासात वडीलधाऱ्यांना असंच म्हणतात. केस काळे केलेला तो गृहस्थ मात्र आणखी भडकला.

"काका कोणाला म्हणतेस गं? लायकी काय तुझी?"

मागून कुणीतरी ओरडलं, "उतरवा रे त्या माकडाला!"

तो मुठी आवळून मागे वळला. रोहिणी वाट अडवून उभी राहिली.

"चुकलं माझं, दादा. उशीर झालाय, तुमचा राग खरा आहे. अजून चार शिव्या द्या, पण बसून द्या. तुम्ही बसलात की विमान हलेल."

तो धपकन बसला. शिव्या दिल्लीपर्यंत चालूच होत्या. उतरताना तिने नमस्कार केला, त्याने तोंड फिरवलं.

रोहिणीची नोकरी आता पक्की झाली आहे. सुट्टीत अथालला येते, तेव्हा गोड बोलून थकलेली ती दुपारपर्यंत कोणाशीच बोलत नाही.