प्लास्टर आणि रांजण

लातूरचा नवा जिल्हा झाला, त्याच्या पुढच्याच दुष्काळी उन्हाळ्यात माझा पाय मोडला. ऑफिसातल्या आम्ही बायका सुट्टीच्या दिवशी देवणीकडची एक टेकडी चढायला गेलो होतो. वर पोचल्यावर फोटो काढणारी म्हणाली, "बाई, जरा मागं सरा." मी सरले. नडगीचं हाड मोडलं आणि मी फोटोतही आले नाही.

मांडीपर्यंत प्लास्टर. दुखण्याचं मी फार मनावर घेतलं नाही. काळजी होती पाण्याची. टँकरच्या रांगेत कोपर मारून कळशी भरणारी घरात मी एकटीच. सासूबाई थकलेल्या आणि नवरा इतका सभ्य, की रांगेत त्याची कळशी मागंमागंच जायची.

त्यात भेटायला येणारे. जो येई तो बिस्किटांचा पुडा ठेवी, प्लास्टरवर टकटक करून बघे, तांब्याभर पाणी पिई आणि वर चहा घेई. सासूबाईंना म्हटलं, पाणी विचारूच नका.

"दारात आलेल्याला पाणी न्हाई इचारायचं? जनावरं हाव का आपण?"

फळीवर पुडे मावेनात आणि रांजणाचा तळ दिसायला लागला. मग मी शेजारणीला सरळ सांगितलं, "लोकांना म्हणावं खुशाल या. बिस्किटं नकोत, कळशी आणा."

आजाऱ्याकडं मोकळ्या हातानं जायचं नसतं, हे आमच्याकडं पक्कं. लोक खरंच कळश्या घेऊन आले. आमच्या हेडक्लार्कनी तर कळशीवर नारळ ठेवला होता, जणू माझीच पूजा मांडायची होती. बिलोलीच्या माझ्या भावाकडं विहीर. तो एसटीनं भरली घागर घेऊन निघाला. कंडक्टरनं घागरीचं अर्धं तिकीट फाडलं आणि निम्मं पाणी नांदेडच्या स्टँडवर सांडलं.

रांजण कधी नव्हे तो काठोकाठ भरला. प्लास्टर काढायच्या दिवशी सासूबाई हट्टानं दवाखान्यात आल्या.

"हाड छान जुळलंय," डॉक्टर म्हणाले.

"मग घाई काय हाय, डॉक्टरसाहेब? ऱ्हाऊ द्या की महिनाभर."

"आजी, पायाला आता त्याची गरज नाही."

"पायाचं कोण बोलायलंय?"

मी म्हटलं, "डॉक्टर, कापा."

संध्याकाळी मोकळा पाय बघायला अख्खी गल्ली लोटली. मी आता आजारी नव्हते, त्यामुळं सगळे हात हलवत आले. सगळ्यांना पाणी झालं, दोनदा चहा झाला. शेवटचा माणूस गेल्यावर सासूबाईंनी रांजणात वाकून पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं.

"दुसरा पाय कसा हाय गं तुझा?"